नर्सिंगचा फॉर्म जानेवारीत ठरला म्हणून: एका प्रवेशाचं प्रकरण

दरवर्षी जूनमध्ये नीटचा निकाल लागला की मला पालकांचे फोन सुरू होतात. ‘मॅडम, एमबीबीएस काही होत नाही, मग नर्सिंगला टाकावं म्हणतो.’ तोवर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, होऊन गेलेली असते. मुलगी हुशार असते, घरच्यांची तयारी असते, आणि तरी त्या वर्षीची सरकारी प्रवेशफेरीची वाट बंद झालेली असते. मी नर्सिंग शिकवते आणि ओळखीच्या मुलींना प्रवेशाबद्दल सांगत असते. खालच्या प्रकरणातल्या मुलीने तो फॉर्म वेळेत भरला, पण त्यासाठी घरात बरीच ओढाताण झाली. तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आरती धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावची. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. आई गावात आशा सेविका. धाकटा भाऊ दहावीला. प्रवर्ग ओबीसी.

२०२४ ला ती राज्य मंडळाची बारावी विज्ञान ६१ टक्क्यांनी पास झाली. त्याच वर्षी नीटमध्ये ७२० पैकी १८७ आले. घरात ठरलं, एक वर्ष गॅप घ्यायचा आणि लातूरला क्लास लावायचा. खोली, मेस आणि क्लास मिळून जो खर्च झाला त्यातला निम्मा उसनवारीचा होता. डिसेंबरपर्यंत तिचे सराव परीक्षेचे गुण २५० ते २८० च्या दरम्यान अडकले. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी एमबीबीएसच्या खुल्या आणि ओबीसी जागा सहाशेच्या पुढच्या गुणांवर भरल्या होत्या. आकडे तिच्यासमोर होते, क्लासच्या भिंतीवर रोज निकाल लागत होता. पण घरी ते बोलायचं कोणी?

शेवटी तिच्या आईनेच मला फोन केला. त्यांच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांकडून माझा नंबर मिळाला होता. ‘पोरगी फोनवर नुसती रडतीय. पप्पा म्हणतात परीक्षा होईपर्यंत दुसरं नाव काढायचं नाही. तुम्ही एकदा बोला.’

अडचण

वरवर पाहिलं तर अडचण कमी गुणांची होती. खरी गाठ तारखांची होती. २०२५ मध्ये राज्याची बी.एस्सी. नर्सिंग सीईटी एप्रिलमध्ये झाली, नीट ४ मे रोजी आणि नीटचा निकाल १४ जूनला. म्हणजे ‘आधी नीटचं बघू, मग नर्सिंग’ असा क्रम लावला तर नर्सिंग हातचं जाणारच. गेल्या काही वर्षांपासून ही वेगळी सीईटी घेतली जाते, त्याआधी नीटच्या गुणांवर प्रवेश होत. गावोगावी अजून जुनीच माहिती फिरते. आरतीच्या वडिलांनाही कुणीतरी सांगितलं होतं की नीट दिली की नर्सिंगचं आपोआप होतं.

दुसरी गोष्ट मनाची. त्या घरात नर्सिंग म्हणजे हरल्यावरची जागा होती. वडील एकदा म्हणाले, ‘एवढा खर्च केला तो काय सिस्टर करायला?’ त्यावर आई काही बोलली नाही. पण स्वतःच्या गावात रात्री दोन वाजता बाळंतपणाला कोण उभं असतं, हे तिने पंधरा वर्षं पाहिलेलं होतं.

तिसरी अडचण तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. आरतीकडे जातीचा दाखला होता, पण तो पडताळून खरा ठरवल्याचं जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं.

कोणते पर्याय होते

जानेवारीत मी त्यांच्या घरी गेले. आम्ही चौघांनी बसून वहीच्या पानावर सगळे रस्ते लिहून काढले.

एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम, दोन वर्षं. आईचा कल इकडे होता. लवकर संपतं, पुढे आरोग्य सेविका म्हणून जवळच्या उपकेंद्रात नोकरी मिळेल अशी आशा. पण विज्ञान घेऊन बारावी झालेल्या मुलीला यातून पुढे जाण्याचा रस्ता अरुंद आहे.

जीएनएम, म्हणजे परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राची पदविका, तीन वर्षं. कोणत्याही शाखेच्या बारावीवर चालतं. स्टाफ नर्स म्हणून नोंदणी होते आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. वाईट पर्याय अजिबात नाही. ज्यांच्याकडे विज्ञान नाही त्यांना मी हाच सांगते.

बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं, आठ सत्रं, पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी हे विषय बारावीत हवेत. इथे मी एक फरक त्यांना मुद्दाम समजावला. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची जी परीक्षा असते, नॉरसेट, तिला बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी करून थेट बसू शकते. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय एम.एस्सी., शिक्षकी आणि समुदाय आरोग्य अधिकारी या वाटा पदवीने मोकळ्या होतात. समुदाय आरोग्य अधिकारी म्हटल्यावर आईने मान वर केली. त्यांच्याच उपकेंद्रात त्या पदावर एक तरुण मुलगी होती.

सैनिकी परिचर्या सेवेचाही विषय निघाला. तिथलं चार वर्षांचं बी.एस्सी. नीटच्या गुणांतून होतं, शिक्षण मोफत असतं आणि पुढे सेवा करावी लागते. पुण्याचं सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी आणि मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी ही आपल्या राज्यातली दोन ठिकाणं. आरतीच्या गुणांवर बोलावणं येण्याची शक्यता कमी होती, तरी हा रस्ता वहीत राहू दिला.

शेवटचा पर्याय पुन्हा गॅप. आरती स्वतःच म्हणाली, ‘मला नाही जमणार अजून एक वर्ष.’ चर्चा तिथे संपली.

पहिला निर्णय: नीट न सोडता सीईटी

वडिलांना नीट सोडायला सांगितलं असतं तर त्यांनी मला दारातून परत पाठवलं असतं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. पैसा आणि शब्द दोन्ही त्यांनी लावला होता. म्हणून मागणं एवढंच ठेवलं की सीईटीचा फॉर्म भरू द्या आणि रोजच्या अभ्यासातला दीड तास त्याला द्या. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा अभ्यास दोन्हीकडे चालतोच. तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला, ‘भरून टाका.’

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच कळीचा क्षण. पुढचं सगळं या एका होकारावर उभं राहिलं.

तयारी

सीईटीचा आराखडा सरळ आहे. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

पहिल्या सराव पेपरमध्ये आरतीला ४७ मिळाले. उत्तरपत्रिका बघताना गुणांपेक्षा मला कोऱ्या जागा जास्त दिसल्या. अठरा प्रश्न तिने सोडलेच होते. विचारलं तर म्हणाली, ‘खात्री नव्हती, मायनस होईल ना.’ नीटमध्ये चुकीला एक गुण जातो, आणि दोन वर्षांच्या सरावाने हात आपोआप थांबायला शिकला होता. इथे कोरं सोडणं म्हणजे हातचा गुण टाकणं. मी नियम लावून दिला. ऐंशी मिनिटांत पेपर संपवायचा, शेवटची दहा मिनिटं फक्त राहिलेल्या प्रश्नांना, आणि एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. दोन पर्याय खोडता आले तर उरलेल्या दोनांतला निवडायचा. नीट आणि सीईटीचे सराव पेपर एका दिवशी ठेवायचे नाहीत, हेही ठरवलं, म्हणजे दोन सवयींची सरमिसळ होणार नाही.

जीवशास्त्रात २० पैकी १४ होते, ते चांगलं. पडझड इंग्रजीत, २० पैकी ७. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये ९. नीटच्या क्लासमध्ये या दोन विषयांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही आणि सीईटीत चाळीस गुण त्यांचेच आहेत. विज्ञानात १० गुण वाढवायला तिला दोन महिने लागले असते, इंग्रजीत तेवढेच गुण तीन-चार आठवड्यांत वाढण्यासारखे होते. रोज एक उतारा, वीस शब्द, आणि आर्टिकल, प्रिपोझिशन, काळ यांची उदाहरणं. बारावीचंच इंग्रजीचं पुस्तक पुन्हा काढलं, वेगळं काही विकत घेतलं नाही.

अ‍ॅप्टिट्यूडला मात्र घरातच शिक्षक सापडला. मी सरावासाठी काही प्रसंग लिहून दिले होते. एकात विचारलं होतं: शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काय आजार आहे, असं एका नातेवाइकाने विचारलं तर परिचारिकेने काय करावं? आरतीने ‘थोडक्यात सांगावं’ यावर खूण केली. गावात सगळे एकमेकांना सांगतातच, तिला त्यात वावगं वाटलं नाही. चुलीपाशी बसलेली आई तिथूनच बोलली, ‘टीबीच्या पेशंटचं नाव आम्ही शेजारणीला सुद्धा सांगत नाही. गोळ्या पिशवीत झाकून नेते मी.’ त्या दिवसापासून असे प्रश्न आई घेऊ लागली. लसीच्या डब्यातला बर्फ वितळला तर आधी काय बघायचं, गरोदर बाईच्या पायावर सूज आली तर कुणाला कळवायचं. आरतीने आईचं काम पहिल्यांदा असं लक्ष देऊन ऐकलं. आकडेमोडीचे प्रश्न, जसं ५०० मिलिग्रॅम द्यायचं असेल आणि गोळी २५० ची असेल, ते तिला अवघड नव्हतेच.

मार्चअखेर सराव पेपरमध्ये ६३ ते ६७ येऊ लागले.

कागदपत्रांची धावपळ

फेब्रुवारीत यादी तपासताना वैधतेचा प्रश्न पुढे आला. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. नाहीतर मुलीचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. हा अर्ज खरं तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत होतो. आरतीच्या कॉलेजने सूचना लावली होती, तिने त्या वेळी ‘एमबीबीएसला लागेल तेव्हा बघू’ म्हणून सोडली.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा हयात नव्हते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं प्रवेश-निर्गम रजिस्टर काढलं. पानांच्या कडा झडलेल्या, शाई तपकिरी झालेली. १९५८ च्या पानावर आजोबांची नोंद मिळाली, जातीसकट. पण तिथे नाव ‘किसन’ आणि सातबाऱ्यावर ‘कृष्णा’. दोघे एकच, हे दाखवायला प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि चुलत्याच्या मुलाचं आधी मिळालेलं वैधता प्रमाणपत्र जोडलं. जात पडताळणी समितीने एकदा त्रुटी काढली, ती पूर्ण केली. प्रमाणपत्र जुलैत हातात आलं. काही वर्षी सरकार अर्जाच्या पावतीवर मुदत देतं, पण ती मिळेल असं गृहीत धरून बसणं म्हणजे चार वर्षांची फी पणाला लावणं.

नॉन क्रीमीलेयरचं, म्हणजे घर ओबीसीतल्या प्रगत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचं, वेगळंच. दाखला होता, पण त्याची मुदत मार्च २०२५ ला संपत होती. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा हवा. तहसीलमध्ये जून-जुलैत रांगा लागतात, म्हणून एप्रिलमध्येच ‘आपले सरकार’ या सरकारी संकेतस्थळावरून नवा काढला. अधिवास, उत्पन्न, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे सगळं एका फाइलमध्ये, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स.

एजंट आणि बंगळुरू

१४ जूनला नीटचा निकाल आला. त्या वर्षी भौतिकचा पेपर फार अवघड गेला होता, आरतीचे गुण सराव परीक्षेपेक्षाही खाली आले. सीईटीत ऐंशीच्या पुढे पर्सेंटाइल होतं, पण घरात दोन दिवस त्याचं कौतुक कुणाला सुचलं नाही.

नेमके त्याच दोन दिवसांत मामा एका एजंटला घेऊन आले. बंगळुरूच्या एका कॉलेजचं प्रवेशपत्र आजच देतो, सीईटीची गरज नाही, पन्नास हजार आता भरा आणि मूळ कागदपत्रं द्या, बाकीचं आम्ही बघतो. मामांचा हेतू चांगलाच होता. पोरीचं दुसरं वर्ष वाया जाऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं.

कर्नाटकात उत्तम नर्सिंग कॉलेजं आहेत आणि तिथे शिकलेल्या मराठी मुली मला माहीत आहेत. म्हणून मी ‘नको’ म्हटलं नाही, एजंटला विचारायला चार प्रश्न लिहून दिले. भारतीय परिचर्या परिषदेच्या या वर्षीच्या यादीत कॉलेजचं नाव आणि मंजूर जागा कुठे दिसतात? कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय कोणतं? चार वर्षांची एकूण फी लेखी द्याल का? मूळ कागदपत्रं प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या काउंटरवर दिली तर चालतील का? पहिल्या दोनांवर तो ‘पाठवतो’ म्हणाला आणि पाठवलं नाही. चौथ्यावर चिडला. वडिलांना तिथेच कळलं. मूळ मार्कशीट एकदा दुसऱ्याच्या कपाटात गेली की ती सोडवायला चार वर्षांची फी मागितल्याच्या तक्रारी ऐकायला मिळतात, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

पैशाचंही गणित होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे सीईटीच्या गुणांवर सरकार जागा वाटतं त्यातून हवा. कॉलेज स्वतः भरतं त्या संस्था कोट्यातून घेतला तर सवलत नाही, परराज्यात तर नाहीच.

पसंतीक्रम

केंद्रीभूत फेरीसाठी हव्या त्या कॉलेजांची यादी क्रमाने भरायची असते. सरकारी जागा मोजक्या. मुंबईच्या जे.जे. समूहातली परिचर्या शिक्षण संस्था आरतीला हवी होती, ती मिळणं कठीण होतं. तरी सरकारी कॉलेजं सगळ्यात वर टाकली, वर टाकल्याने खालच्या जागेवरचा हक्क जात नाही. वडिलांना मात्र यादीत फक्त लातूर आणि सोलापूर हवं होतं.

वाद मिटावा म्हणून बापलेक दोन खासगी कॉलेजं बघून आले. एका ठिकाणी इमारत चकाचक, पण रुग्णालय म्हणून दाखवलेल्या मजल्यावर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या आणि दुपारी बारा वाजता एकही रुग्ण नाही. दुसरं पुणे जिल्ह्यातलं. इमारत जुनी, वसतिगृहात एका खोलीत चौघी. पण मेडिसिनचा वॉर्ड भरलेला आणि दुसऱ्या वर्षाच्या मुली खाटेपाशी उभं राहून ताप-नाडी लिहीत होत्या. वडिलांनी बाहेर येऊन एवढंच म्हटलं, ‘हे वर टाक.’ नर्सिंग खाटेपाशीच शिकायचं असतं, आणि तो फरक एका शेतकऱ्याला अर्ध्या तासात दिसला. दोन्ही कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून घेतली होती. तोंडी सांगितलेला आकडा एका ठिकाणी जास्त निघाला.

काय झालं

पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. त्या आठवड्यात एजंटचा फोन पुन्हा आला, या वेळी वडिलांनीच नकार दिला. दुसऱ्या फेरीत पुणे जिल्ह्यातलं तेच कॉलेज ओबीसीच्या जागेवर लागलं. वैधता प्रमाणपत्र नसतं तर ही जागा तिला मिळाली नसती.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने आधी पूर्ण फी भरा, सवलत नंतर परत मिळेल असं सांगितलं. वडिलांनी शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवली. थोडी वादावादी झाली आणि शिक्षण शुल्क न घेता प्रवेश झाला. बाकीचे आकार भरावे लागले.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. शरीररचना आणि शरीरक्रिया तिला नीटच्या अभ्यासामुळे सोपे जातात, म्हणजे लातूरचं वर्ष अगदीच फुकट गेलं नाही. समाजशास्त्रावर मात्र झोप येते, असं तिने मला कळवलं. हजेरीची सक्ती तिला जड जाते. तासांना किमान ८० टक्के, आणि पदवी मिळेपर्यंत क्लिनिकल ड्युटीचे तास शंभर टक्के भरावे लागतात. दिवाळीला म्हणूनच ती चारच दिवस घरी आली.

वेगळं काय करता आलं असतं

वैधतेचा अर्ज अकरावीत व्हायला हवा होता. धाकट्या भावाचं प्रकरण आता बहिणीच्या प्रमाणपत्रावर लवकर होईल, तो अर्ज त्यांनी दहावीच्या सुट्टीतच करायचं ठरवलं आहे.

गॅपच्या वर्षाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २०२४ मध्येच नर्सिंग सीईटी दिली असती तर वर्ष आणि उसनवारी दोन्ही वाचलं असतं. घरच्यांना तसं वाटत नाही. प्रयत्न केल्याशिवाय मुलीच्या मनातली रुखरुख गेली नसती, असं वडील म्हणतात, आणि तेही मला खोडता येत नाही. पण त्या वर्षी दोन्ही फॉर्म भरायला काहीच अडचण नव्हती.

कॉलेजं पसंतीक्रमाच्या आठवड्यात न बघता मे महिन्यात बघायला हवी होती. घाईत दोनच झाली. सोलापूरकडचं एक कॉलेज न बघताच यादीत खाली टाकलं, ते कदाचित जवळही पडलं असतं आणि चांगलंही असतं.

सर्वात मोठी फट खर्चाच्या हिशेबात राहिली. फी माफ म्हटल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं आणि प्रवास यांची बेरीज कुणी लिहून काढली नव्हती. पहिल्या सत्राचे पैसे आईने बचत गटातून उचलले. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात मिळते. तिचा अर्ज प्रवेशानंतर लगेच करायला हवा होता. आरतीने तो उशिरा केला आहे. अजून मंजुरी आलेली नाही, आणि बचत गटाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला भरावा लागतो.